विंडोज ९८ आणि भंगारातलं अनोळखी एजीपी कार्ड : ड्रायव्हर कुठे शोधायचा?

शहापूरचा_प्रेसवाला (बेळगाव)
नमस्कार मंडळी. आमच्या प्रेसमध्ये एक पेंटियम थ्री अजून चालू आहे. विंडोज ९८ सेकंड एडिशन, १२८ एमबी रॅम, १५ इंची काचेचा मॉनिटर. ठेवलाय कारण लग्नपत्रिका आणि मंडळांच्या अहवालांच्या जुन्या फाइली ज्या मराठी-कन्नड फाँटच्या सॉफ्टवेअरमध्ये आहेत, त्याचं लॉक (हे लावल्याशिवाय सॉफ्टवेअर चालत नाही अशी छोटी डबी) प्रिंटरच्या पोर्टला लागतं आणि ९८ च्या पुढच्या विंडोजला ते ओळखताच येत नाही. वडिलांच्या काळातलं गिऱ्हाईक आजही येतं आणि "थोरल्याच्या लग्नात छापलेली तशीच पत्रिका धाकट्याची पाहिजे" म्हणतं.

मागच्या पावसाळ्यात त्यातलं सिस ६३२६ हे ग्राफिक्स कार्ड (मॉनिटरला चित्र पाठवणारं) गेलं. भंगारवाल्याकडून दुसरं एजीपी कार्ड (एजीपी म्हणजे ग्राफिक्स कार्डाचा जुना स्लॉट) आणलं. तो म्हणाला, "जीफोर्स आहे, घेऊन जावा." कार्डावर हीटसिंक चिकटवलेला आहे, त्यामुळे खालची चिप दिसत नाही. मागच्या स्टिकरवर ३२ एमबी आणि एक लांबलचक नंबर, कंपनीचं नाव कुठेच नाही. चालू केलं की ६४० बाय ४८० आणि १६ रंग. पेजमेकर (पानं मांडायचं सॉफ्टवेअर) उघडलं तर टूलबॉक्सच अर्धा पडदा खातो.

कार्ड कुठलं ते कसं ओळखू? ते विंडोजला ओळखायला लावणारा ड्रायव्हर कुठे मिळेल? आणि रिफ्रेश रेट बदलायला एखादी युटिलिटी असेल तर तीही सांगा, डोळे दुखतात. गणपतीची कामं यायला लागलीत.

राजारामपुरी_रिटर्न (कोल्हापूर)
भंगारातून आणलंय, भंगारात टाका. नवा पीसी घ्या.

टिळकवाडीचा_बंड्या
वरच्या सायबांनी प्रश्न न वाचताच उत्तर दिल्यालं दिसालंय. लॉकचं काय करायचं ते सांगा की मग.

दादा, त्या स्टिकरच्या नंबरवर शोधू नको बे. "तुमचा ड्रायव्हर सापडला" म्हणून हिरवं बटण दाखवणाऱ्या साइटी उघडतात. बटण दाबलास की ड्रायव्हर सोडून बाकी सगळं येतंय.

निपाणीकर
बंड्याशी सहमत. स्टिकर, खोका, विकणाऱ्याचं तोंड, तिन्हींवर विश्वास ठेवू नका. तैवान आणि चीनच्या डझनावारी कंपन्या तीच चिप घेऊन आपापली कार्डं काढायच्या. ड्रायव्हर लागतो तो चिपचा, कार्ड कुणी बनवलं याला फारसं महत्त्व नाही. चिप ओळखायला हीटसिंक उपटायची गरज नाही. उपटूही नका, कधी कधी गोंदाबरोबर चिपही निघून येते.

मशीन चालू होताच, रॅम मोजायच्या आधी, वरच्या कोपऱ्यात दोन सेकंद कार्डाच्या स्वतःच्या बायॉसची (चालू होताना आधी चालणाऱ्या आतल्या प्रोग्रॅमची) ओळ येते. चिपचं नाव बहुतेक वेळा तिथेच असतं. काचेचा मॉनिटर गरम होईपर्यंत ती निघून जाते, म्हणून कुणाला दिसत नाही. मॉनिटर आधीच चालू ठेवा आणि कंट्रोल-आल्ट-डिलीटने मशीन परत सुरू करा, म्हणजे दिसेल.

ते जमलं नाही तर अवॉर्ड बायॉसच्या बोर्डावर विंडोज सुरू व्हायच्या आधी पीसीआय उपकरणांचा एक तक्ता येतो. तो आला की पॉझचं बटण दाबा. 'डिस्प्ले कंट्रोलर'च्या ओळीत चार-चार अक्षरांचे दोन कोड असतील, पहिला कंपनीचा, दुसरा चिपचा. १०डीई म्हणजे एनव्हीडिया, १००२ एटीआय, १०३९ सिस, १०२३ ट्रायडेंट, १०२बी मॅट्रॉक्स, १२१ए थ्रीडीएफएक्स, ५३३३ एस३. शेवटचा गमतीचा आहे. आस्कीत (अक्षरांना नंबर देणाऱ्या संकेतावलीत) ५३ म्हणजे एस आणि ३३ म्हणजे ३, कंपनीने स्वतःचं नावच नंबर म्हणून घेतलं. इंटेलने ८०८६ घेतला, तो का ते सांगायला नको.

हे दोन कोड मिळाले की निम्मं काम झालं. इथे टाका.

व्हीटीयू_फायनल_इयर
सर, आमच्याकडे अडगळीत एक पेंटियम फोर आहे, इंटेल ८४५ चिपसेटचा. कार्ड त्यात लावून लिनक्सची लाइव्ह सीडी टाकली तर एलएसपीसीआय या एका कमांडने सगळं कळेल. शनिवारी शहापूरला येणारच आहे, घेऊन येऊ का?

फौंड्रीवाले_काका (उद्यमबाग)
थांब रे पोरा! आधी कार्डाच्या खाचा बघ.

एजीपीची पहिली कार्डं ३.३ व्होल्टवर चालायची. चौपट वेगाचं ४एक्स आल्यावर सिग्नल १.५ व्होल्टवर आले आणि ८एक्सला त्याहून खाली, ०.८ वर. ८४५ च्या बोर्डाला ३.३ व्होल्टचं कार्ड अजिबात चालत नाही. चुकीचं कार्ड बसू नये म्हणून स्लॉटमध्ये आडकाठी आणि कार्डाला खाच असते. खाच मागच्या पत्र्याच्या जवळ असेल तर ३.३, पत्र्यापासून लांब असेल तर १.५, दोन्हीकडे असेल तर दोन्ही चालतं. पण काही स्वस्त कार्डांना दोन खाचा पाडलेल्या असायच्या आणि आत मात्र फक्त ३.३. अशा कार्डांनी ८४५ चे बोर्ड मेलेत. मेलं की नुसता पंखा फिरतो, पडद्यावर काही नाही.

दादाच्या मशीनमध्ये कार्ड चालतंय आणि चित्र येतंय. मग ते काढून दुसऱ्या बोर्डाचा जीव कशाला धोक्यात घालायचा? पॉझ बटण फुकट आहे.

व्हीटीयू_फायनल_इयर
बरं झालं विचारलं. आम्हाला पीसीआय एक्सप्रेसच माहीत, स्लॉटमध्ये व्होल्टेज बघायचं असतं हे कुणी शिकवलं नाही.

टिळकवाडीचा_बंड्या
तुझ्या जन्माच्या आधीचा स्लॉट हाय तो. नमस्कार करून लांब राहायचं.

नोकरीला_पुण्यात
मूळचा खानापूरचा. कार्डाच्या मागे लागण्यापेक्षा ९८ इम्युलेटरमध्ये (नव्या पीसीवर जुनं मशीन नकली उभं करणाऱ्या प्रोग्रॅममध्ये) का चालवत नाही? ८६बॉक्ससारख्यात एस३ पासून व्हूडूपर्यंत जुनी कार्डं नकली उभी करता येतात आणि त्यांचे ड्रायव्हर सगळ्यांना ठाऊक आहेत. मशीन मेलं तरी काम अडत नाही.

अनगोळची_डीटीपीवाली
लॉक कुठे लावायचं, तेवढं सांगा. नकली मशीनला खरं पॅरलल पोर्टचं लॉक जोडणं ही वेगळीच डोकेदुखी आहे. आणि "फाइली युनिकोडमध्ये बदलून घ्या" असं कुणी म्हणायच्या आत सांगते: कन्व्हर्टर आहेत, मी वापरते. मजकूर बदलून मिळतो, जोडाक्षरं हाताने तपासावी लागतात, पण पेजमेकरमधली मांडणी गेली ती गेली. वेलबुट्टी, दोन बाजूंना दोन भाषा, खाली आप्तेष्टांची यादी, सगळं परत लावायचं. एका पत्रिकेला ठीक आहे, कपाटभर सीडींना नाही. प्रेसवाल्या दादांचं बरोबर आहे, मशीन जगवणंच स्वस्त.

दादा, डोळे दुखण्याचं कारण ६० हर्ट्झ. ड्रायव्हर बसला की 'अननोन मॉनिटर' असं दिसेल आणि विंडोज भीतीने ६० च्या वर जाणार नाही. मॉनिटरच्या यादीत 'स्टँडर्ड मॉनिटर टाइप्स' मध्ये जाऊन १०२४ बाय ७६८, ७५ हर्ट्झवाला सुपर व्हीजीए निवडा. वेगळी युटिलिटी लागणार नाही. ८५ चा मोह नको, १५ इंची मॉनिटर शिट्टी मारायला लागला तर लगेच मागे या.

निवृत्त_मास्तर (खानापूर)
लॉकचा विषय निघाला म्हणून थोडं अवांतर. आमच्या काळी मराठी दिसण्यासाठी ड्रायव्हर नव्हे, आख्खं कार्डच लागायचं. जिस्ट कार्ड. आयआयटी कानपूरला सुरू झालेलं काम पुढे पुण्याच्या सी-डॅकने बाजारात आणलं. ते आयएसए स्लॉटमध्ये बसवलं की डॉसमधल्या वर्डस्टार, डीबेसमध्ये सरळ देवनागरी टाइप करता यायचं. त्या प्रोग्रॅमला पत्ताही नसायचा की पडद्यावर इंग्रजी सोडून काही चाललंय.

आपल्या भागात त्याचा खरा उपयोग म्हणजे कळफलक सगळ्या भारतीय लिप्यांना एकच. 'क' ची कळ मराठीतही तीच, कन्नडमध्येही तीच. आस्कीसारखी इस्की नावाची संकेतावली होती, १९९१ मध्ये तिचं भारतीय मानक झालं. त्यात लिपी बदलली की टाइप केलेला मजकूर दुसऱ्या लिपीत दिसायचा. मतदारयादीसारख्या कामात नावं एकदा टाइप करायची आणि दोन लिप्यांत काढायची, आमच्यासारख्या दुभाषी तालुक्यात याचं मोल होतं. नंतर विंडोज आलं, ज्याने त्याने आपापल्या फाँटची आपली संकेतावली केली, आणि डीटीपीवाल्या ताई आज कन्व्हर्टर वापरताहेत.

अनगोळची_डीटीपीवाली
मास्तर, 'ज्याने त्याने आपली' हे अगदी खरं. आमच्याकडे एकाच गल्लीतल्या दोन प्रेसच्या फाइली एकमेकांकडे उघडत नसत. मालकांना ते बरंच वाटायचं, गिऱ्हाईक हलायचं नाही.

चिकोडीचा_गेमर
कार्ड थ्रीडीएफएक्सचं निघालं तर मला कळवा, वाट्टेल ती किंमत देतो. १९९९ चं व्हूडू३ माझ्याकडे आहे. ड्रायव्हर शोधायचा त्रास काय असतो ते मला विचारा. डिसेंबर २००० मध्ये कंपनीने एनव्हीडियाला आपली मालमत्ता विकायचं जाहीर केलं आणि जुन्या कार्डांना वाली उरला नाही. कंपनीची साइट गेली, ड्रायव्हर गेले. जे आज मिळतं ते चाहत्यांनी जपलेलं आणि त्यावर स्वतः सुधारलेलं. अमिगामर्लिन, एसएफएफटी, फास्टव्हूडू२ ही नावं त्यातलीच.

शहापूरचा_प्रेसवाला (बेळगाव)
सगळ्यांना धन्यवाद. पॉझ बटणाने काम झालं. ओळ अशी आहे: डिस्प्ले कंट्रोलर, १०डीई, ००२डी. गरम मॉनिटरवर परत सुरू केलं तेव्हा वरच्या कोपऱ्यात रिवा टीएनटी२ असंही दिसलं. खाचा दोन आहेत काका.

निपाणीकर
१०डीई ००२डी म्हणजे टीएनटी२ मॉडेल ६४. सगळे एम६४ म्हणतात. मूळ टीएनटी२ ला मेमरीचा रस्ता १२८ बिटचा, याला ६४, म्हणून ते नाव आणि म्हणून ते स्वस्त. जीफोर्स नाही, पण पेजमेकरला रग्गड.

टिळकवाडीचा_बंड्या
भंगारवाल्यानं जीफोर्स म्हणून एम६४ गळ्यात मारल्यालं हाय. तरी त्याचं नशीब, व्हर्ज दिलं असतं तर लोकांनी धरून आणला असता. एस३ व्हर्जला तेव्हा लोक ग्राफिक्स डिसेलरेटर म्हणायचे, थ्रीडी चालू केलं की खेळ आणखी हळू.

चिकोडीचा_गेमर
थ्रीडीएफएक्स नाही. माझं दुकान बंद.

फौंड्रीवाले_काका (उद्यमबाग)
एम६४ ला ९८ साठी एनव्हीडियाचा शेवटचा अधिकृत ड्रायव्हर ७१.८४. त्याच्या पुढच्या ८१.९८ मध्ये टीएनटी२ वगळलंय, तो चुकूनही घेऊ नका. मी म्हणेन ७१.८४ घ्या, शेवटचा म्हणजे सगळे दोष काढलेला.

निपाणीकर
काका, इथे माझं मत वेगळं. ७१.८४ हा २००५ चा. तोवर त्यांचं सगळं लक्ष जीफोर्स ६ कडे होतं, टीएनटी२ शेपटासारखं मागे ओढत आणलेलं. १९९९ च्या चिपला २००१ च्या आसपासचा डेटोनेटर (एनव्हीडियाच्या तेव्हाच्या ड्रायव्हरचं नाव) बरा, उदाहरणार्थ १२.४१ किंवा त्याआधीचा ६.३१. आकाराने लहान, मेमरी कमी खातात. १२८ एमबीच्या मशीनवर फरक कळतो.

फौंड्रीवाले_काका (उद्यमबाग)
माझ्या सीएडीच्या मशीनवर ७१.८४ वर्षानुवर्षं चाललाय, एकदाही अडला नाही.

निपाणीकर
तुमच्या मशीनला रॅम किती?

फौंड्रीवाले_काका (उद्यमबाग)
५१२. बरं, मुद्दा आला लक्षात. दादा, १२.४१ घ्या.

अनगोळची_डीटीपीवाली
मिळेल कुठे ते कुणी सांगितलंच नाही अजून! इंटरनेट अर्काइव्हवर जुन्या कार्डांबरोबर यायच्या त्या ड्रायव्हर सीडींच्या प्रतिमा आहेत, तिथे चिपच्या नावाने शोधा. व्होगन्स नावाच्या जुन्या पीसीवाल्यांच्या ठिकाणी ड्रायव्हरचा वेगळा संग्रह आहे. कंपनीच्या बंद पडलेल्या पानाचा पत्ता माहीत असेल तर वेबॅक मशीनमध्ये (जुनी पानं जपणाऱ्या साइटवर) टाकून बघा, कधी कधी फाइलसुद्धा मिळते. उतरवलेली झिप उघडून आतली आयएनएफ फाइल नोटपॅडमध्ये बघा. त्यात १०डीई आणि ००२डी एकाच ओळीत सापडले तर ड्रायव्हर तुमचा. नाही सापडले तर साइटवर काहीही लिहिलेलं असो, पुढे जाऊ नका.

शहापूरचा_प्रेसवाला (बेळगाव)
१२.४१ मिळाला, आयएनएफमध्ये कोड आहेत. आता नवीन घोळ. पेन ड्राइव्ह लावला तर ९८ त्याचाच ड्रायव्हर मागतंय.

व्हीटीयू_फायनल_इयर
नेटवर्कने पाठवा ना सर, फोल्डर शेअर करून.

निपाणीकर
नव्या विंडोजने एसएमबी १ (फोल्डर शेअर करायची जुनी पद्धत) बंद करून ठेवलंय, ९८ ला दुसरं येत नाही. आणि ९८ च्या इंटरनेट एक्स्प्लोररमध्ये आजच्या साइट उघडत नाहीत, सुरक्षित जोडणीची पद्धतच बदलली. सरळ सीडी-आर जाळा, कमी वेगाने. त्याच सीडीवर एनयूएसबी टाका, ९८ ला पेन ड्राइव्ह ओळखायला लावणारी अनधिकृत फाइल आहे. पुढच्या वेळी सीडी लागणार नाही.

दादा, बसवण्याआधी क्रम ऐका. जुन्या सिस कार्डाचे अवशेष सेफ मोडमध्ये जाऊन डिव्हाइस मॅनेजरमधून काढा आणि डिस्प्लेला 'स्टँडर्ड व्हीजीए' करा. मदरबोर्डचा चिपसेट व्हीआयए असेल तर आधी त्याचा ४-इन-१ ड्रायव्हर, एजीपीचा भाग त्यात असतो. मग परत सुरू करून एनव्हीडियाचा. मध्येच ते विंडोज ९८ ची सीडी मागणार, म्हणून सीडीवरचं विन९८ फोल्डर आधीच हार्ड डिस्कवर उतरवून ठेवा.

आणि १२.४१ ने रुसवा धरला तर व्हीबीईएमपी म्हणून सगळ्यांना चालणारा एक ड्रायव्हर आहे. कार्डाच्या बायॉसमधल्या व्हेसा सोयी वापरून तो मोठं रिझोल्यूशन आणि जास्त रंग देतो. वेग नाही, पण पत्रिका लावायला वेग कुणाला लागतो? डॉसवाल्यांसाठी सायटेकचं डिस्प्ले डॉक्टर होतं, हा त्याच जातीचा.

राजारामपुरी_रिटर्न (कोल्हापूर)
एवढ्या वेळात नवा पीसी येऊन, जोडून, चहा पिऊन झाला असता.

टिळकवाडीचा_बंड्या
आणि त्यात लॉक कुठं लावला असतास? चहाच्या कपात?

शहापूरचा_प्रेसवाला (बेळगाव)
चालू झालं! बोर्ड व्हीआयएचाच निघाला, ४-इन-१ आधी घातला, मग १२.४१. १०२४ बाय ७६८, १६ बिट रंग, ताईंनी सांगितल्याप्रमाणे ७५ हर्ट्झ. लॉकही ओळखलं, जुनी पत्रिका उघडून छापूनसुद्धा बघितली.

एकच राहिलंय. माउसचा बाण हलवला की मागे काळे तुकडे सांडत जातात. पेजमेकरमध्ये ओळी दिसेनाशा होतात.

फौंड्रीवाले_काका (उद्यमबाग)
माय कॉम्प्युटर, प्रॉपर्टीज, परफॉर्मन्स, ग्राफिक्स. तिथे हार्डवेअर ॲक्सिलरेशनची पट्टी आहे, उजवीकडून फक्त एक घर डावीकडे घ्या. बाण काढायचं काम कार्डाकडून काढून विंडोजकडे जातं. त्याहून डावीकडे नेऊ नका, मग खरोखर हळू होईल.

जमलं तर कार्ड एकदा काढून सोनेरी पट्ट्या खोडरबरने पुसा. आपल्याकडच्या पावसाळी हवेत त्या काळवंडतात. आणि कार्डावरचे गोल कपॅसिटर वरून फुगलेत का बघा. सपाट असतील तर बरीच वर्षं निघतील, फुगले असतील तर पाच-दहा रुपयांचा माल आहे, माझ्याकडे आणा, बदलून देतो.

शहापूरचा_प्रेसवाला (बेळगाव)
एक घर डावीकडे, काळे तुकडे गायब. कपॅसिटर सपाट आहेत काका, तरी गणपतीनंतर येतो, उद्यमबागेत यायचं निमित्त होईल.

अनगोळची_डीटीपीवाली
दादा, जी सीडी जाळलीत तिची प्रतिमा इंटरनेट अर्काइव्हवर चढवा, कार्डाचा दोन्ही बाजूंचा फोटो आणि ते दोन कोड लिहून. असंच बिननावाचं कार्ड घेऊन कुणीतरी आणखी बसला असेल.

शहापूरचा_प्रेसवाला (बेळगाव)
चढवतो. फाँटच्या सॉफ्टवेअरची नाही हां, फक्त ड्रायव्हरची.

निवृत्त_मास्तर (खानापूर)
माझ्या जिस्ट कार्डाची मूळ फ्लॉपी सव्वापाच इंची आहे. ती वाचणारा ड्राइव्ह निपाणी ते खानापूर कुणाकडे चालू असेल तर सांगा.

निपाणीकर
मास्तर, ड्राइव्ह माझ्याकडे आहे, पण फ्लॉपीला बुरशी आली असेल तर आधी काही करू नका. नवीन धागा काढा, फ्लॉपीचा फोटो टाका, मग बोलू.